डेथ व्हॅलीत एकच दिवस मिळणार आहे, कुठे चालावं?

अनेरकाठ (चोपडा)

नमस्कार मंडळी,

येत्या फेब्रुवारीत आम्ही दोघं मुलाकडे कॅलिफोर्नियाला जातोय. तो अर्वाइनला असतो. सुट्ट्या थोड्या, त्यातून एक शनिवार-रविवार काढून त्यानं डेथ व्हॅली नॅशनल पार्क ठरवलंय. शनिवारी दुपारी निघायचं, रात्री पहरम्प नावाच्या गावात मुक्काम, रविवारचा अख्खा दिवस पार्कात आणि रात्री उशिरा परत.

त्यानं पाठवलेली यादी बघून मला धडकी भरली. दांतेज व्ह्यू, झाब्रिस्की पॉइंट, गोल्डन कॅन्यन, आर्टिस्ट्स ड्राइव्ह, डेव्हिल्स गोल्फ कोर्स, बॅडवॉटर, मेस्किटच्या वाळूच्या टेकड्या, बोरॅक्सचा जुना कारखाना आणि शिवाय एक ज्वालामुखीचं विवर. तो म्हणतो, "आई, बहुतेक ठिकाणी गाडी जवळपर्यंत जाते. उतरायचं, बघायचं, पुन्हा बसायचं." मला तसं फिरणं जमत नाही. तोरणमाळला गेलो तरी आम्ही सीताखाईच्या कडेला तास तास बसून राहणारी माणसं.

ह्यांना ६६ वर्षं पूर्ण झालीत, साखर आहे, पण रोज पहाटे पाच किलोमीटर चालतात. मी ६१ ची, चढायला काही नाही, उतरताना उजवा गुडघा दुखतो. दिवसभरात दोन-तीन ठिकाणीच नीट थांबायचं झालं तर ती कोणती? खरंच पायी चालण्यासारखी वाट कोणती? फेब्रुवारीत ऊन किती असतं?

अजून एक मनातलं विचारते. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, आयुष्य चोपडा-यावल पट्ट्यातच गेलं. मे महिन्यातला उन्हाळा काही नवा नाही. मग इतक्या लांब जाऊन पुन्हा उघडे डोंगर आणि रखरखीत रानच बघायचं, त्यात आपल्यासारख्याला काय मिळतं? मुलाचं मन मोडायचं नाही, पण हा प्रश्न काही केल्या जात नाही.

पांझराकाठ (धुळे, सध्या लास व्हेगास)

काकू, मी इथून पाच-सहा वेळा तरी तिकडे गेलोय, घरून कोणी आलं की नेतोच. बघण्याचं बाकीचे सांगतील, मी फक्त गाडीचं सांगतो.

पहरम्पला मुक्काम हा निर्णय चांगला आहे. तिथून फर्नेस क्रीक, म्हणजे पार्कातली मुख्य वस्ती, तासाभराच्या आसपास. पेट्रोलची टाकी पहरम्पलाच पूर्ण भरायला सांगा. पार्कात पंप आहेत, पण मोजके आणि बरेच महाग. पार्क किती मोठं आहे याचा अंदाज इथे आल्याशिवाय येत नाही. साडेतेरा हजार चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे आपला अख्खा जळगाव जिल्हा त्यात मावून वर जागा उरते. नकाशावर बोटभर दिसणारं अंतर तासाभराचं निघतं. यादीतलं ज्वालामुखीचं विवर पार उत्तर टोकाला आहे. ते आधी काढून टाका.

मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नाही. नकाशा आदल्या रात्री फोनमध्ये उतरवून घ्या आणि कागदी नकाशाही ठेवा, तो फर्नेस क्रीकच्या माहिती केंद्रात मिळतो. फोननं जवळचा म्हणून कच्चा रस्ता दाखवला तर अजिबात वळू नका. भाड्याच्या गाड्यांच्या करारात बहुधा कच्च्या रस्त्याला मनाईच असते. गाडी बंद पडलीच तर गाडीपाशीच थांबायचं, मदत शोधत पायी निघायचं नाही. मुक्कामाच्या आधी चारही टायरची हवा आणि स्टेपनी बघून घ्या.

आणि एक. त्या पार्कात लोक सर्वात जास्त कशानं दगावतात म्हणाल तर उन्हानं नव्हे, एकट्या गाडीच्या अपघातानं. समोरून कुणी येत नाही, रस्ता सरळ, उतार लांब, वेग वाढत जातो आणि वळणावर गाडी उलटते. रविवारी दिवसभर फिरून रात्री अर्वाइनपर्यंत साडेचार-पाच तास एकट्या मुलानं गाडी चालवायची, हे मला पटत नाही. त्याला म्हणावं सोमवारी अर्धा दिवस रजा टाक आणि रविवारीही वाटेत मुक्काम कर. शिरपूर-धुळे हायवेवर पहाटे डुलकी लागून काय होतं ते आपण पाहिलेलं आहे.

सुकीकाठ (रावेर)

अनेरकाठ ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नासाठी लिहायला बसलो. लांबेल, सांभाळून घ्या.

मी रावेर तालुक्यातला, पाल रस्त्याला आमची केळी आहे. थोरली मुलगी सॅन दिएगोला असते. २०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही नवरा-बायको तिच्याकडे होतो आणि तिनं अगदी तुमच्या मुलासारखाच बेत केला. मला जायचं नव्हतं. जे आपण रोज बघतो त्यासाठी एवढं पेट्रोल का जाळायचं, असंच माझं म्हणणं होतं.

पहाटे अंधारात निघून आम्ही आधी दांतेज व्ह्यूला चढलो. गाडी थेट वर जाते. तिथली उंची १,६६९ मीटर, वारा असा की आमच्या घरच्यांनी शालीवर माझी माकडटोपी घातली. उजाडू लागलं तसं खाली खोरं दिसायला लागलं. आपण उभे असतो त्या कड्याच्या पायथ्याशी बॅडवॉटर, समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली. म्हणजे पायाखाली पावणेदोन किलोमीटर खोल. समोरच्या बाजूला पॅनामिंट डोंगर, त्यातलं टेलिस्कोप शिखर ३,३६८ मीटरचं, माथ्यावर बर्फ. मुलगी बर्फाचे फोटो काढत होती. माझी नजर त्या डोंगराच्या पायथ्यावर खिळली.

धान्याच्या पोत्याचं तोंड सोडलं की कशी रास पसरते, तशी एकेका दरीच्या तोंडातून दगडगोट्यांची रास खाली पसरलेली. अशा शेजारशेजारच्या राशी एकमेकींत मिसळून डोंगराच्या पायथ्याशी लांबच लांब एक सलग उतार झालेला. मी मुलीला म्हटलं, "बाई, हे तं आपलं बझाडं हाये!"

चोपडा, यावल, रावेरच्या लोकांना बझाडा सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. सातपुड्यातून अनेर, गूळ, मोर, सुकी अशा नद्या आणि शेकडो नाले खाली उतरतात. डोंगर सोडला की पाण्याचा जोर मोडतो आणि सोबत आणलेलं सगळं ते टाकून देतं. मोठे धोंडे आधी, मग गोटे, मग रेती, सर्वात शेवटी तापीकडे बारीक गाळ. पायथ्याशी दगडगोट्यांचा जो पट्टा तयार झाला तो बझाडा. त्यात पाणी थांबत नाही, जिरतं. आपली केळी ज्या भूजलावर उभी आहे त्याचं तोंड तिथेच आहे. आमच्या आजोबांच्या विहिरीला ऐंशी फुटांवर पाणी होतं, आज माझी बोअर सहाशे फुटांच्या खाली आहे. भूजल विभागाची माणसं, मेगा रिचार्जच्या (पुराचं पाणी बझाड्यात जिरवायच्या योजनेच्या) सभा, सगळीकडे मी हा शब्द तीस वर्षं ऐकतोय आणि तो आपल्याच बोलीतला समजत होतो. फर्नेस क्रीकच्या माहिती केंद्रातल्या बाईंनी सांगितलं की तो मूळ स्पॅनिश शब्द, अर्थ 'उतार', आणि तिकडच्या वाळवंटांचा अभ्यास करताना तो भूगर्भशास्त्रात रुळला. त्या उच्चार 'बहादा' असा करतात. शब्द तिकडून आमच्या वावरात आला आणि मला त्याचं मूळ रान बघायला मिळालं, याचा आनंद मला शब्दात सांगता येत नाही.

आपल्याकडे हा उतार नीट दिसत नाही, कारण त्यावर केळी आहे, निंब आहे, गावं आहेत. तिथे झाकायला काहीच नाही. जमीन उघडी ठेवून दाखवावी तशी. तुम्ही विचारलंत काय मिळतं. मला हे मिळालं. माझ्या वावराखाली काय आहे ते मी तिथे जाऊन पाहिलं.

दोन्हीकडचा पाया पण मिळताजुळता. तापीचं खोरं हे दोन्ही बाजूंना भेगा पडून मधली जमीन खचल्यानं झालं असं आपण शिकलो, डेथ व्हॅलीही खचूनच झाली. तिथली जमीन अजून खचतेय आणि पूर्वेकडे कलतेय. म्हणून एक गोष्ट मुद्दाम बघा. पश्चिमेच्या, म्हणजे समोरच्या डोंगराच्या राशी मोठ्या आणि ऐसपैस, तर पूर्वेच्या, बॅडवॉटरच्या बाजूच्या राशी लहान आणि उभ्या. पूर्वेचा पायथा खाली जात राहतो आणि राशींची टोकं गाळाखाली गाडली जातात. हे एकदा डोळ्यांना दिसलं की दिवसभर दिसत राहतं.

आता चालण्याचं. गोल्डन कॅन्यन हीच वाट धरा. बॅडवॉटरच्या रस्त्याला लागलं की थोड्याच अंतरावर तिचं तोंड आहे. पिवळ्या मातीच्या भिंतींमधून नाल्याच्या पात्रातून चढत जायचं. पहिला दीडेक किलोमीटर बारीक खडीचा आणि सौम्य चढाचा आहे, साहेबांना काहीच जड जाणार नाही. पुढे लाल कड्यापर्यंत, ज्याला रेड कॅथेड्रल म्हणतात, जाऊन येऊन एकूण पाचेक किलोमीटर होतात, पण शेवटी दगडांवरून हात टेकत चढावं लागतं. तुमच्या गुडघ्यासाठी मी म्हणेन, फाट्यापर्यंत जा आणि तिथे बसा. येताना उतार हलका आहे, तरी एक काठी असू द्या.

तोंडाशीच डांबराचे तुकडे दिसतील. घाईनं पुढे जाऊ नका. त्या घळीतून एकेकाळी डांबरी रस्ता होता, मोटारी आत जायच्या. फेब्रुवारी १९७६ मध्ये चार दिवस पाऊस झाला, सगळा मिळून सव्वादोन-अडीच इंच, आणि पुरानं रस्ता खालून पोखरून नेला. सव्वादोन इंच! आपल्याकडे एवढा पाऊस पोळ्याच्या आधी एका रात्रीत पडतो आणि आपण बरं झालं म्हणतो. तिथे वर्षाचा पाऊसच सरासरी दोन इंच, पन्नास मिलिमीटर. जमिनीवर गवताची काडी नाही, माती धरून ठेवणारं मूळ नाही, मग पडेल तो थेंब धावत सुटतो. सातपुडा उघडा होत चाललाय असं आम्ही म्हणतो तेव्हा नेमकं काय होऊ शकतं ते मी त्या डांबराच्या तुकड्यात पाहिलं.

शेजारीच गॉवर गल्च नावाचा नाला आहे, त्याची गोष्ट तर आपल्याकडच्या प्रत्येक पाणलोट समितीला सांगायला हवी. १९४१ मध्ये फर्नेस क्रीकच्या वस्तीला पुराचा धोका नको म्हणून वरचा मोठा नाला झाब्रिस्की पॉइंटजवळ खोदून या लहान नाल्यात वळवला. लहान नाल्याच्या पोटात मोठ्याचं पाणी शिरलं. तेव्हापासून तो स्वतःचं पात्र खोल खोल कापत सुटलाय, आणि तोंडाशी आयुष्यभर साठवलेली स्वतःची रासही कापतोय. झाब्रिस्की पॉइंटवरून खाली बघाल तेव्हा सगळे जण त्या सोनेरी घड्या बघतात. तुम्ही त्या नाल्याचं कापलेलं पात्रही शोधा. आपल्याकडे शिरपूर पॅटर्ननं नाले खोल करून पाणी जिरवलं, ते मी स्वतः जाऊन पाहिलंय आणि मला ते काम मोलाचं वाटतं. पण नाला वळवणं ही वेगळी गोष्ट. आमच्या गावात दोन वर्षांपूर्वी एका पुढाऱ्याच्या प्लॉटसाठी नाला वळवायचा घाट घातला होता. मी ग्रामसभेत गॉवर गल्चचे फोटो दाखवले. काम थांबलं आहे, कायमचं थांबलं असं अजून म्हणवत नाही.

शेवटी बॅडवॉटर. आमचं नशीब म्हणा, त्या वर्षी तिथे पाणी होतं. २० ऑगस्ट २०२३ ला हिलरी वादळाच्या पावसानं फर्नेस क्रीकला एका दिवसात २.२ इंच पाऊस पडला, वर्षाचा कोटा एका दिवसात. पार्क दोन महिने बंद होतं. खोऱ्याच्या तळाला तळं साचलं, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत पुन्हा पाऊस होऊन ते भरलं. हिमयुगात तिथे खरोखरीचं मोठं सरोवर होतं, त्याला मॅनली सरोवर म्हणतात, तेच नाव लोकांनी या तळ्याला दिलं. कोसभर चालत गेलो तरी पाणी घोट्याच्या वर येईना. टेलिस्कोपचं बर्फ त्यात उलटं दिसत होतं. आमच्या सौ. चपला हातात घेऊन चालत होत्या, काठावर येऊन पाय वाळले तसे घोट्यापर्यंत पांढरे झाले. जिभेला लावून बघितलं, नुसतं मीठ.

तिथे मी बराच वेळ बसलो. बझाडा तोच, डोंगर तसेच, खचलेलं खोरंही तसंच. फरक एकच. त्या खोऱ्यातून पाण्याला बाहेर जायला वाट नाही. जे येतं ते तिथेच वाळतं आणि मीठ मागे राहतं, हजारो वर्षं. आपल्या तापीला सुरतेकडून समुद्राची वाट मिळाली, म्हणून आपली माती गोड राहिली. आणि ज्या पूर्णेच्या खोऱ्यात मीठ पूर्ण वाहून गेलं नाही तिथला खारपाणपट्टा मुक्ताईनगरच्या पुढे गेलं की लागतोच. केळीला रोज पाणी देताना मला आता हे आठवतं.

तळं तुमच्या वेळी असेलच असं नाही. नसलं तर मिठाचे सहा कोनांचे पापुद्रे दिसतील, तेही सुंदर. काठापासून जरा लांब आत चालत जा, जवळ पावलांनी तुडवून काळं झालेलं असतं. मागे वळून कड्यावर बघा, खूप उंच एक पाटी आहे, तिथे समुद्राची पातळी.

एक सांगायचं राहिलं. समोरच्या राशीतला एक गोटा मी वावरात ठेवायला म्हणून उचलला होता. मुलगी म्हणाली, "बाबा, इथला दगड न्यायला कायद्यानं बंदी आहे." ठेवला जिथल्या तिथे. हातावर घेऊन फोटो तेवढा काढला.

बोरीकाठची (अमळनेर)

सुकीकाठ भाऊंचं वाचून मी पुन्हा जायला हवं असं वाटलं, कारण आम्ही गेलो ते चुकीच्या महिन्यात.

२०१९ च्या जून अखेरीस गेलो होतो. सगळ्यांनी सांगितलं होतं, तरी माझ्या डोक्यात तेच, आपण जळगावचे, ४६ अंश बघतो, आपल्याला काय होणार. ताई, हा समज घेऊन कुणी जाऊ नका. १० जुलै १९१३ ला फर्नेस क्रीकला ५६.७ अंशांची नोंद झाली होती, जगातली सर्वात जास्त म्हणून ती मानली जाते. आम्ही गेलो त्या दिवशी बॅडवॉटरला गाडीत ४८ दाखवत होतं. आपल्या उन्हात आणि त्या उन्हात मोठा फरक सावलीचा. आपल्याकडे शंभर पावलांवर निंब असतो, ओटा असतो, कुणाच्या दारात माठ असतो. तिथे कोसभर काडी नाही. दुसरं म्हणजे घाम अंगावर दिसतच नाही, फुटता फुटता वाळतो, त्यामुळे शरीरातलं पाणी जातंय हे कळत नाही. दुपारी आम्ही मिठावरून चालत निघालो, वीस मिनिटांत माझ्या तेरा वर्षांच्या मुलाला गरगरलं. ती परतीची वीस मिनिटं मी विसरलेले नाही. गाडीत गार हवेत झोपवलं, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजलं, तासाभरानं तो नीट बोलायला लागला. उन्हाळ्यात सकाळी दहानंतर खालच्या भागात चालू नका असं तिथे लिहिलेलंच असतं. आम्ही वाचूनही चाललो.

तुम्ही फेब्रुवारीत जाताय, तेव्हा ही भीती नाही. दिवसा बावीस-तेवीस अंश, आपल्या डिसेंबरच्या दुपारसारखं. पहाटे मात्र स्वेटर लागेल. तरीही माणशी चार लिटर पाणी गाडीत हवंच, आणि साहेबांच्या साखरेसाठी खिशात खडीसाखर किंवा खजूर असू द्या. पाणी भरून घ्यायला माहिती केंद्र बरं. पुढे झाब्रिस्की, गोल्डन कॅन्यन, बॅडवॉटरला साधी स्वच्छतागृहं आहेत, पण तिथे पाणी नाही.

खाण्यासाठी आदल्या दिवशी मुलाच्या घरी दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी करून घ्या, आम्हीही तसं केलं असतं तर बरं झालं असतं. दुधातल्या दशम्या दोन दिवस मऊ राहतात, हे तुम्हाला मी काय सांगावं.

भाऊंशी एक मतभेद. त्यांनी आर्टिस्ट्स ड्राइव्हचं नावच घेतलं नाही. नऊ मैलांचा एकेरी रस्ता आहे, बॅडवॉटरहून परततानाच लागतो, उतरावंही लागत नाही. डोंगरात हिरवा, जांभळा, गुलाबी रंग दिसतो तो निरनिराळ्या धातूंच्या गंजण्याचा, लोखंडाचा तांबडा-पिवळा, मँगनीजचा जांभळा. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तो बघा. गुडघा दुखत असेल तर हा अर्धा तास फार मोलाचा आहे.

आणि मेस्किटच्या वाळूच्या टेकड्यांपाशी माझ्या सासूबाई एका झुडपाजवळ थांबल्या. काटे बघितले, खाली पडलेली वाळकी शेंग उचलून बघितली आणि म्हणाल्या, "ही तं वेडी बाभूळ." खरंच ती आपल्या वेड्या बाभळीच्या कुळातलीच आहे. तिथले मूळ रहिवासी टिंबिशा शोशोनी, ते या शेंगा कुटून पीठ करून खात. १८४९ मध्ये सोन्यासाठी निघून वाट चुकलेल्या लोकांनी खोऱ्याला मृत्यूचं नाव दिलं, पण टिंबिशांचं ते घर आहे आणि ते नाव त्यांना आवडत नाही. फर्नेस क्रीकला त्यांची वस्ती आजही आहे, २००० साली कायदा होऊन त्यांना तिथली काही जमीन परत मिळाली. आपल्या सातपुड्यात पावरा आणि भिल्ल माणसाला कोणत्या नाल्यात झिरा खणला की पाणी लागेल ते ठाऊक असतं, तसंच त्यांना त्या रानातले झरे ठाऊक होते. मी परत गेले तर त्या वस्तीची ओळख करून घेण्यापासून सुरुवात करीन.

अनेरकाठ (चोपडा)

सगळ्यांचे आभार. सुकीकाठ भाऊ, तुमचं लिहिलेलं मी ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ह्यांची सगळी नोकरी बझाड्याच्या कामातच झाली, लघुसिंचनात होते. ते दोन वेळा म्हणाले, "पुन्हा वाच ते." मुलाला फोन करून यादी निम्मी केली आणि रविवारचा मुक्काम वाढवला, पांझराकाठ, तुमचं नाव सांगूनच.

आता एवढंच सांगा. पहाटे दांतेज व्ह्यूला जावं की झाब्रिस्कीला? मुलगा म्हणतो सूर्योदय झाब्रिस्कीचाच प्रसिद्ध आहे. आणि ह्यांना ती समोरची मोठी रास जवळून बघायचीय, पाय ठेवून. ते जमेल का?

सुकीकाठ (रावेर)

ताई, फोटोसाठी झाब्रिस्की, समजून घेण्यासाठी दांतेज. पहरम्पकडून येताना दांतेजचा फाटा आधी लागतो, त्यामुळे वाटही वाकडी होत नाही. दांतेजवरून खोऱ्याचं सगळं चित्र एकदा डोळ्यात बसलं की खाली उतरल्यावर आपण कुठे उभे आहोत ते कळतं. मग झाब्रिस्की, तिथे वर जायला डांबरी पायवाट आहे, पाचेक मिनिटांची. मग ऊन चढायच्या आत गोल्डन कॅन्यन. दुपारी फर्नेस क्रीकला दशम्या खा, साहेबांना तासभर पडू द्या. तीननंतर बॅडवॉटर. परतताना आर्टिस्ट्स ड्राइव्ह. बोरीकाठच्या ताई, तुमचं खरं आहे, आमचा तो दिवस पाण्याकाठीच संपला म्हणून रंग बघायचे राहिले. अंधार पडला की गाडीचे दिवे घालवून दहा मिनिटं आकाशाखाली उभे राहा. तिथला अंधार राखलेला आहे. चांदण्या आमच्या लहानपणी खळ्यावर झोपायचो तशा दिसतात.

समोरच्या मोठ्या राशीकडे जाणारा रस्ता कच्चा आहे, भाड्याच्या गाडीनं जाऊ नका. पण त्यासाठी तिकडे जायची गरजच नाही. गोल्डन कॅन्यनच्या तोंडाशी तुम्ही गाडी लावाल ती रासच आहे, लहान असली तरी. साहेबांना सांगा, गाडीतून उतरल्यावर आधी घळीकडे पाठ करून खाली मिठाच्या दिशेनं शंभर पावलं चालायचं आणि गोटे कसे बारीक होत जातात ते बघायचं. लघुसिंचनातल्या माणसाला पुढचं सांगावं लागणार नाही.

परत आलात की साहेबांना घेऊन आमच्याकडे या. पावसाळा लागल्यावर, पहिला पूर येऊन गेल्यावर. पाल रस्त्याला आमच्या बांधालगत नाला आहे, सकाळी दुथडी भरून असतो आणि दुसऱ्या दिवशी त्यात पाय ठेवला तर तळवा ओला होत नाही. बसून बघू.